उतारावर दांडी ताणलेली हवी

ट्रॅक्टर घ्यायला गेलं की आमच्या भागात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ओढतो किती?’ शोरूममधला पोरगा हॉर्सपॉवर सांगतो, सोबत आलेला पाहुणा त्याच्या गावातल्या ट्रॅक्टरनं कुठला चढ किती टनांनी काढला ते सांगतो, आणि सौदा त्या बोलण्यावरच पुढे सरकतो. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना हा उतारावर धरेल का, असं विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. माझा जन्म माढा तालुक्यातला आणि कामाची सगळी वर्षं टेंभुर्णीच्या आसपास ऊस वाहण्यात गेली. आधी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर, मग स्वतःच्या. चढावर ट्रॅक्टर कमी पडला तर बहुतेक वेळा तो जागेवर चाकं फिरवत राहतो. पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडायचा, साखळी लावायची, अर्ध्या तासात गाडी वर. उतारावर कमी पडला तर साखळी आणायला कुणाला वेळ मिळत नाही.

बाहेरच्या माणसाला सोलापूर जिल्हा सपाट वाटतो. रेल्वेच्या खिडकीतून तो तसा दिसतोही. पण उसाची गाडी डांबरीवर भरत नाही, फडात भरते. फडापासून डांबरीपर्यंतची पाणंद हाच आमच्या कामातला अवघड भाग. तिच्यात ओढा उतरून चढायचा असतो, बांध फोडून केलेली वाट असते, माळावरून खाली येणारी मुरमाची घसरण असते, आणि जिथं उजनीचा कालवा भरावावरून गेलाय तिथं पुलावर चढून पलीकडे उतरायचं असतं. माझ्या लहानपणी ऊस म्हणजे भीमेच्या आणि सीनेच्या काठाचं पीक. काठावरची गाडी भरून वर चढायची, सगळी कसरत चढाची. उजनी धरण १९८० साली पुरं झालं, कालवे आले, मागून उपसा सिंचन आलं, शेतकऱ्यांनी कर्ज काढून लांब लांब पाइपलाइनी टाकल्या. पाणी माळावर गेलं आणि पाण्यामागून ऊसही गेला. आता रिकामी ट्रॉली वर जाते आणि भरलेली खाली येते. जिल्ह्यात तीसहून अधिक कारखाने धुराडं पेटवतात, हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग तुटत नाही. पण ओझ्याची दिशा बदलली याची दखल ना ट्रॉली बनवणाऱ्यानं घेतली, ना करार करणाऱ्यानं. ट्रॉली अजून चढाच्या काळातलीच आहे: चार चाकं, पाटे, दांडी, पिन, आणि ब्रेक नाही.

हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. ऊस आणि ट्रॉल्यांचं लोखंड मिळून वीस टन धरू. दहा फुटांत एक फूट उतरणारी वाट असेल तर हे ओझं उताराच्या दिशेनं दोन टनांनी ढकलतं. त्यात ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन मिळवलं की सव्वादोनच्या घरात जातं. मुरमात चाक फिरताना जमीन जो विरोध करते तो सहाशे-सातशे किलोचा धरला, तरी दीड टनाच्या वर ढकल शिल्लक राहते. ती अडवायची कुणी? ट्रॅक्टरनं. पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर भरतो दोन-सव्वादोन टन. त्यातलं मागच्या दोन चाकांवर येतं साधारण चौदाशे किलो, कारण चार चाकी ट्रॉली आपलं वजन ट्रॅक्टरवर टाकत नाही, स्वतःच्याच चाकांवर ठेवते. कोरड्या घट्ट मुरमावर टायर आपल्या वजनाच्या फार तर साठ टक्के पकड देतो. म्हणजे साडेआठशे किलो. अडवायचे आहेत पंधराशे.

इथं ड्रायव्हरचं कसब, ट्रॅक्टरची कंपनी, ब्रेक नवे की जुने, कशाचाच संबंध येत नाही. ब्रेक कितीही दाबला तरी टायर जमिनीला जेवढं धरतो त्यापलीकडे तो काही देऊ शकत नाही. ट्रॅक्टरचे ब्रेक असतात फक्त मागच्या चाकांना. डावीकडचा वेगळा, उजवीकडचा वेगळा, नांगरताना जागेवर वळायला सोय म्हणून. रस्त्याला लागताना दोन्ही पॅडल कडीनं जोडून घ्यायचे असतात. ती कडी न लावता उतारावर एकच पॅडल दाबला गेला की ट्रॅक्टर तिथंच आडवा वळतो. गिअरमध्ये इंजिननं अडवलं तरी ते बळ जातं त्याच मागच्या दोन चाकांतून. लो गिअर म्हणजे काहीतरी वेगळा आधार आहे असं पोरांना वाटतं. आधार तोच, फक्त पाय मोकळा राहतो आणि ब्रेक तापत नाही. फोर व्हील ड्राइव्हचा ट्रॅक्टर असेल तर उतारापूर्वी ते घालावं, पुढची दोन चाकंही इंजिनच्या धाकात येतात. फरक पडतो. पण वीस टनांपुढे तो पुरेसा नाही.

आणि मुरूम नेहमी कोरडा नसतो. फडातून बाहेर पडणाऱ्या वाटेवर पाचट पडलेलं असतं. ऊसतोडीच्या टोळीनं मोळ्या वाहताना ते आणखी पसरतं. डिसेंबरच्या पहाटे त्यावर दव असतं. ओल्या पाचटावर टायरची पकड निम्म्यावर येते, काळ्या मातीच्या चिखलात त्याहून खाली. माझी एक सवय झाली आहे: भरायला ट्रॉली फडात लावली की मी वर बसून राहत नाही, बाहेर पडायची वाट चालून बघतो आणि उतरणीवरचं पाचट बाजूला ओढायला लावतो. मुकादमाला ते सुरुवातीला पटत नव्हतं, माणसं मोळीला लागलेली असताना दोन जण पाचट ओढायला कशाला, असा त्याचा सवाल असे. आता तो न सांगता दोन माणसं पाठवतो.

मला हे काम शिकवलं ते एका जुन्या ड्रायव्हरनं. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. तरुणपणी त्यांनी माळीनगरच्या कारखान्याला बैलगाडीनं ऊस घातलेला. ते सांगायचे, उतार लागला की बैल आपण होऊन मागं रेलतो, खूर रोवतो, गाडीवानानं सांगावं लागत नाही. ट्रॉलीला बैल नसतो. त्यांनी मला गिअर, ब्रेक यांच्या आधी कान शिकवला. दांडी आणि हूक यांच्यामध्ये पिनेला थोडी ढिलाई असते. ट्रॅक्टर ओढत असतो तेव्हा पिन पुढच्या बाजूला ताणून बसलेली असते आणि गप्प असते. ट्रॉली ढकलायला लागली की ती ढिलाई पार करून पिन मागून पुढे आदळते, खट्ट असा आवाज येतो आणि सीटखाली एक हिसका बसतो. आप्पा मागच्या मडगार्डजवळ उभे राहून विचारायचे, ‘‘आता कोण कुणाला चालवायलंय?’’ मी उत्तर दिलं नाही तर तेच सांगायचे, ‘‘ट्रॉली तुला चालवायलीय बाळा. आवाज आला न्हवं?’’

त्या आवाजानंतर काय होतं ते समजून घ्यायला हवं. ओढताना दांडी सरळ राहते. दोरी ताणली की सरळ होते तितकं ते साधं आहे. ढकलताना मात्र दांडी सरळ राहायला राजी नसते. जरा वाकडेपणा असला, एक चाक खड्ड्यात गेलं, वाटेला थोडं वळण असलं, की ढकल ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला एका अंगानं लागते. ट्रॅक्टरचं बूड बाजूला सरकतं, कोन वाढतो, कोन वाढला की ढकल आणखी आडवी लागते. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची घडी पडते ती अशी. पहिल्या ट्रॉलीचा कोपरा मागच्या मोठ्या टायरला लागतो, ट्रॅक्टर वाटेला आडवा होतो आणि उलटतो. अशा वेळी घाबरलेला ड्रायव्हर जे करतो, म्हणजे ट्रॅक्टरचा ब्रेक जोरात दाबतो, त्यानं घडी लवकर पडते, कारण ट्रॅक्टर आणखी हळू होतो आणि ट्रॉली तेवढीच जोरात येते. काही जण क्लच दाबतात. मग इंजिनचं धरणंही सुटतं.

त्या काळात आप्पांकडे याला इलाज एकच होता: उतार लागायच्या आधी थांबायचं, ज्या गिअरमध्ये हा उतार भरून चढलो असतो त्याच्याही खालचा गिअर टाकायचा, आणि मध्ये काहीही बदलायचं नाही. फार वाईट वाट असेल तर मागची ट्रॉली सोडून एकेक खाली न्यायची. हे दुसरं काम वेळखाऊ, पिन काढा, चाकांना दगड लावा, परत या, जोडा. हंगामात तेवढा धीर कुणाला नसतो. तरी आप्पा ते करायचे, आणि मागे खोळंबलेल्या ट्रॅक्टरवाल्यांचं बोलणं ऐकून घ्यायचे.

ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असेल तर वर मांडलेला सगळा हिशेब फिरतो, आणि तो कसा फिरतो हे कळल्यापासून मी या विषयावर कुणालाही गाठून बोलतो. ट्रॅक्टरच्या चाकांवर आहेत चौदाशे किलो. ट्रॉल्यांच्या चाकांवर आहेत वीस टन. ट्रॉल्यांच्या निम्म्याच चाकांना ब्रेक बसवले आणि ओल्या पाचटावर तीस टक्केच पकड मिळाली, तरी अडवायला तीन टनांचं बळ हाताशी येतं. ढकल आहे दीड-दोन टनांची. ज्या वजनाची भीती वाटते तेच वजन टायर जमिनीवर दाबून धरतं. फक्त त्या चाकांना थांबायला सांगणारं काहीतरी हवं.

आमच्याकडे ऊस वाहणारे काही जण आता हवेचा ब्रेक बसवून घेतात. ट्रॅक्टरच्या इंजिनवर पट्ट्यानं चालणारा छोटा कॉम्प्रेसर, हवेची टाकी, तिथून नळी मागे, ट्रॉलीच्या आसाला ड्रम आणि लायनर, आणि ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी एक लिव्हर. माझ्या ट्रॅक्टरवर तोच आहे. या सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तो लिव्हर, कारण त्यानं फक्त ट्रॉलीचे ब्रेक लागतात, ट्रॅक्टरचे लागत नाहीत. उतार सुरू व्हायच्या आधी मी तो थोडा ओढतो. किती, ते पिन सांगते. पिन ताणून गप्प राहील इतका. ट्रॅक्टर लो गिअरमध्ये ट्रॉलीला हळूच ओढत खाली नेतो, म्हणजे उतारावरही काम ओढण्याचंच राहतं, दांडी सरळ राहते, आणि ट्रॅक्टरच्या पॅडलला पाय लावायची गरजच पडत नाही. लागलाच तर ट्रॉलीचा ब्रेक आधी, ट्रॅक्टरचा नंतर.

अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात डोंगरातल्या कच्च्या वाटांवर गाडीमागे राहुटीचा ट्रेलर जोडून फिरणारे लोक असतात. त्यांच्या ट्रेलरला विजेचे ब्रेक असतात. चुंबक ड्रमला चिकटतं आणि त्याच्या ओढीनं शू पसरतात. एरवी गाडीचा ब्रेक दाबला की तेही आपोआप लागतात, पण त्यांच्याही डॅशबोर्डवर हातानं चालवायची वेगळी कळ असते, आणि तीव्र उतारावर जाणते लोक तीच वापरतात. कारण आपल्यासारखंच: पुढची गाडी मोकळी फिरती ठेवायची, मागच्याला धरायचं. त्यांच्या आणि आमच्या ट्रेलरमध्ये, पैशात, कामात काही सारखेपणा नाही. उतार तेवढा सारखा आहे.

या लिव्हरची आपली एक शिस्त आहे. भरलेल्या ट्रॉलीला जेवढा ब्रेक लागतो तेवढा रिकाम्या ट्रॉलीला दिला तर चाकं जाम होतात आणि जाम झालेलं चाक दिशा धरत नाही, ट्रॉली बाजूनं घसरत ट्रॅक्टरच्या पुढे यायला बघते. मुरमाच्या सैल खड्यांवर भरलेल्या ट्रॉलीचंही तसं होऊ शकतं; मागे वळून पाहिलं आणि चाक फिरताना दिसलं नाही की लिव्हर जरा सैल करायचा. हे पटकन हाताला येत नाही, कारण घसरायला लागल्यावर माणसाचा हात आणखी ओढायला जातो. ओढा पार केला की लायनर भिजलेले असतात आणि पुढचा उतार लगेच असेल तर ब्रेक पोकळ लागतो. म्हणून ओढ्यातून वर आल्यावर सपाटीला थोडा ब्रेक लावूनच पन्नास-साठ पावलं जायचं, लायनर घासून कोरडे होतात. दोन्ही बाजूंचे शू सारखे लागतात की नाही हे आठवड्याला बघायचं. एका बाजूचा आधी लागला तर ट्रॉली त्या अंगाला ओढते. आणि दोन ट्रॉल्या असतील तर मागचीचा ब्रेक पुढचीच्या आधी, निदान बरोबर, लागायला हवा. हवेला नळीतून शेवटपर्यंत जायला वेळ लागतो, त्यामुळे नुसतं बसवून दिलं तर नेमकं उलटं होतं. माझ्या मिस्त्रीनं दुसऱ्या ट्रॉलीची नळी जाड घेतली आणि पुढच्या ट्रॉलीच्या शूमध्ये थोडी जास्त फट ठेवली. त्यानं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. दोन दिवस तो माझ्याबरोबर भरलेल्या ट्रॉलीवर हिंडला आणि मागं बघत बसला, त्यातून त्याला ते सुचलं.

आता कालव्याच्या पुलाबद्दल, कारण आमच्या भागातले जास्त अपघात मला तिथले माहीत आहेत. भरावावरच्या कालव्याला ओलांडायचं तर एका बाजूनं रॅम्प चढायचा आणि दुसऱ्या बाजूनं उतरायचा. लांबी फार नाही, पण दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर त्या लांबीइतकाच असतो. ट्रॅक्टर माथ्यावरून खाली तोंड करतो तेव्हा पहिली ट्रॉली माथ्यावर असते आणि दुसरी अजून पलीकडे चढत असते. ती मागे ओढून धरते. ड्रायव्हरला वाटतं, किती आरामात उतरतोय. तो थोडा रेस देतो, कारण दुसरी ट्रॉली अडकू नये. मग दुसरीचं मागचं चाक माथा ओलांडतं आणि जी आतापर्यंत धरून होती तीच ढकलायला लागते. ट्रॅक्टर तोवर उताराच्या पायथ्याशी आलेला असतो, आणि पायथ्याशी बऱ्याच ठिकाणी कालव्याच्या कडेच्या रस्त्याला लागायला काटकोनात वळण असतं. सगळं ओझं, सगळा वेग आणि वळण, तिन्ही एकाच क्षणी. धोका ट्रॅक्टर माथ्यावर असताना नसतो, मागची ट्रॉली माथ्यावर असताना असतो. म्हणून माझा लिव्हर मागची ट्रॉली ढकलायला लागल्यावर नाही, पहिली ट्रॉली माथ्यावर येताना ओढला जातो, आणि मागचीची शेवटची चाकं सपाटीला आल्याशिवाय सुटत नाही.

असंच एक वळण माझ्यापुढे चाललेल्या ट्रॅक्टरला घेता आलं नाही. जानेवारीतली पहाट होती. ब्रेक नसलेल्या दोन ट्रॉल्या, चालवणारा पोरगा हुशार, लो गिअरमध्येच होता, वेगही फार नव्हता. मला मागून पिनेचा आवाज ऐकू आला नाही, इंजिनच्या आवाजात तो मिसळला. ट्रॅक्टरचं बूड डावीकडे सरकताना मात्र दिसलं. पोरगा उतरणीच्या वरच्या अंगाला उडी मारून वाचला. मडगार्डवर बसलेला त्याचा जोडीदार खालच्या अंगाला होता. आम्ही मोळ्या उपसून, दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून त्याला बाहेर काढलं. तो जगला, त्याचा पाय गेला. त्या पोराला नंतर सगळ्यांनी विचारलं की वेग किती होता, ब्रेक का नाही दाबला, डुलकी लागली होती का. तो प्रत्येकाला खरंच सांगत राहिला की मी बरोबर चालवत होतो. तो बरोबरच चालवत होता. त्याच्या हातात धरायला काही दिलेलंच नव्हतं, आणि दोष मात्र त्याच्याच पदरात पडला, याचा मला आजही राग येतो.

रेल्वेनं हा धडा फार पूर्वी शिकून घेतला. आपण सोलापूरहून मुंबईला जातो तेव्हा लोणावळ्यानंतर गाडी बोरघाट उतरते. तो मार्ग १८६३ साली सुरू झाला, चढ सदतीसाला एक. त्या घाटात मुख्य रुळाला फुटून डोंगराकडे वर चढत जाणारे आडरूळ आहेत. गाडी ताब्यात राहिली नाही तर तिला वर चढवून थांबवावं म्हणून. पण खरा बदल डब्यांत झाला. सुरुवातीला इंजिनला ब्रेक, गार्डाच्या डब्याला ब्रेक आणि मधले डबे बिनब्रेकाचे, म्हणजे आमच्या ट्रॉल्यांसारखंच. आयर्लंडमध्ये आर्मा इथं जून १८८९ मध्ये शाळकरी मुलांच्या सहलीची गाडी चढावर अडली. निम्मे डबे सोडून ठेवायचं ठरलं. गार्डाच्या डब्याचा हातब्रेक लावला, चाकांखाली दगड लावले. पुढचा भाग हलताना मागच्याला जरासा धक्का लागला, दगडांचा चुरा झाला, डबे उतारानं मागे धावले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं कायदा केला की प्रवासी गाडीच्या प्रत्येक डब्याला ब्रेक हवा, तो एका नळीनं जोडलेला हवा, आणि नळी तुटली तर ब्रेक सुटायच्या ऐवजी आपोआप लागायला हवा.

शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते. आमच्याकडे बसवतात तो हवेचा ब्रेक बहुतेक साध्या प्रकारचा: लिव्हर ओढला की हवा जाते आणि ब्रेक लागतो. नळी तुटली तर काहीच लागत नाही. मोठ्या ट्रकांना असतो तसा स्प्रिंगचा ब्रेक, ज्यात हवा गेली की स्प्रिंग स्वतः ब्रेक आवळते, तो ट्रॉलीला बसवता येतो आणि बसवायलाच हवा. पिन निसटून ट्रॉली सुटली तर तिला थांबवणारा तेवढा एकच असतो. तो बसवेपर्यंत मी फडातून निघताना हवेच्या टाकीचा काटा बघतो, लिव्हर ओढतो, खाली उतरून दोन्ही ट्रॉल्यांच्या ड्रमजवळचा दांडा हललाय का बघतो, आणि दांडीला जाड साखळी वेगळी लावतो. उसावर, दांडीवर, मडगार्डवर कुणी बसायचं नाही, हे टोळीला सांगून ठेवलंय. कोयत्याची माणसं बीडहून, कुठून कुठून आलेली असतात, संध्याकाळी कोप्यांवर परतायला त्यांना दुसरं वाहन नसतं. बायका लेकरं घेऊन मोळ्यांवर बसतात. त्यांना नाही म्हणताना जड जातं. म्हणून मी रिकाम्या फेरीला त्यांना सोडून येतो, भरलेल्या गाडीवर घेत नाही.

सांगोला, मंगळवेढ्याकडे उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरट्रॉल्या चालतात, त्यांचा त्रास आणखी वेगळा. ऊस निदान हलत नाही. अर्धा भरलेला टँकर उतारावर अडवला की पाणी पुढे धावतं, आदळतं, परत मागे जातं आणि पुन्हा येतं, त्यामुळे ढकल एकसारखी न राहता हिसक्यांनी येते. आत आडव्या पत्र्याच्या भिंती असल्या तर ते हिसके कमी जाणवतात. टँकर एक तर भरून न्यावा किंवा रिकामा, आणि दोन चाकी टँकरट्रॉलीलाही ब्रेक असावा, एवढं तिकडच्या एका नातेवाइकाला मी पटवलंय.

मग सगळे का बसवत नाहीत? पैसा हे एक कारण, पण चार नव्या टायरांपुढे हा खर्च फार नाही. मोठं कारण असं की ब्रेकनं फेरी वाढत नाही. वाहतुकीचे पैसे टनावर आणि किलोमीटरवर मिळतात. मालकानं टोळीला उचल दिलेली असते, कर्जाचा हप्ता असतो, यार्डात नंबर लागायला रात्र जाते, तेव्हा वाटेत वेळ काढणं परवडत नाही. डिझेल वाचवायला म्हणून कितीतरी ड्रायव्हर उतारावर न्यूट्रल करतात. त्यांना मी सांगत असतो की गिअरमध्ये उतरताना पंप जवळजवळ डिझेल सोडतच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं; वाचत काही नाही. आणि उतारावरचं ओझं थांबवायला जी ताकद लागते ती कुठंतरी उष्णता होऊन बाहेर पडतेच. वीस टन दहा मीटर खाली आणले तर सहा लिटर गार पाणी उकळीला येईल एवढी. न्यूट्रलमध्ये तिचा मोठा भाग ट्रॅक्टरच्या दोन ब्रेकांत जातो. पायथ्याला जळका वास येतो तो त्याचा.

दर हंगामाच्या तोंडावर कारखाने आणि आरटीओ मिळून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. ती चांगली आहे. मागून येणारा मोटारसायकलवाला तिनं वाचतो, आणि ती चालू राहायला हवी. पण रिफ्लेक्टर लावून घ्यायला यार्डात उभ्या केलेल्या ट्रॉलीच्या आसाकडे त्याच वेळी वाकून बघायला काय हरकत आहे? वाहतुकीचे करार पावसाळ्यात होतात, गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं. मध्ये दोन-तीन महिने असतात, मिस्त्री मोकळे असतात, ट्रॉल्या रंगवायला काढलेल्या असतात. करार करतानाच ट्रॉलीला ब्रेक असण्याची अट घालावी, उचलीतून तेवढी रक्कम आधी द्यावी आणि हंगामात फेऱ्यांतून कापून घ्यावी. टायरसाठी कारखाने असं करतातच.

आणि तपासणी सपाट यार्डात करू नये. तिथं बिनब्रेकाची ट्रॉलीही शहाण्यासारखी उभी राहते. मुरमाचा एक रॅम्प करावा, दहाला एक उताराचा, कालव्याच्या पुलासारखा. भरून आलेला ट्रॅक्टर त्याच्यावरून उतरवावा, मध्यावर फक्त लिव्हरनं थांबवून दाखवायला सांगावं, पॅडलला पाय न लावता. मागच्या ट्रॉलीची चाकं आधी थांबली की पुढचीची, ते बाजूला उभ्या माणसाला दिसतं. एका गाडीला दहा मिनिटं पुरतात, आणि तेवढी जागा कुठल्याही कारखान्याच्या यार्डात निघते.